जुन्या शववाहिकांचे सुटे भाग भंगार यार्डात शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत १९५० ते १९७० च्या दशकांत बनलेल्या मोठ्या शववाहिका आज हौसेनं जपल्या जातात. त्या दुरुस्त करायला घेतल्या की महिन्याभरात मालकाची पावलं भंगार यार्डाकडे वळतात, कारण यातले निम्मे भाग कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. खालचे प्रश्न अशाच मंडळींचे आहेत. उत्तरांमध्ये कॅडिलॅकचा उल्लेख जास्त येईल. त्याला इलाज नाही, त्या काळातल्या बहुतेक शववाहिका कॅडिलॅकच्याच सांगाड्यावर उभ्या आहेत.

कॅडिलॅकची शववाहिका म्हणजे कॅडिलॅकचेच भाग बसणार ना?

अर्ध्या गाडीला बसतील. सगळा शोध या एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून ती नीट समजून घ्या.

कॅडिलॅक कंपनी शववाहिका बनवत नव्हती. ती ‘कमर्शियल चासी’ नावाचा लांब, दणकट सांगाडा विकायची. त्यावर इंजिन, गिअरबॉक्स, बॉनेट, पुढचे मडगार्ड, डॅशबोर्ड आणि पुढचा बंपर एवढं असायचं. मागे काही नाही. तो सांगाडा कोचबिल्डरकडे जायचा आणि छप्पर, बाजूचे पत्रे, मागचं दार, काचा, पडदे, शवपेटी सरकवायचे रोलर, सगळं तिथे हातानं बनायचं. ओहायो राज्यात अशा कारखान्यांची रांगच होती: लायमामध्ये सुपीरियर, पिकामध्ये मिलर-मीटिअर, सिनसिनाटीत हेस अँड आयझेनहार्ट, म्हणजेच ‘एस अँड एस’ नावाच्या गाड्या बनवणारे. इलिनॉयमधल्या रॉक फॉल्सला युरेका होती. आर्कन्सातली कॉटनर-बेव्हिंग्टन ओल्डस्मोबिलच्या सांगाड्यावर काम करायची.

त्यामुळे यार्डात पाऊल टाकण्याआधी ठरवा, हवा असलेला भाग विंडशील्डच्या पुढचा आहे की मागचा. पुढचा असेल तर त्या वर्षाची साधी कॅडिलॅक सेडानही चालेल. मागचा असेल तर त्याच कोचबिल्डरची, शक्यतो त्याच वर्षाची गाडी शोधावी लागते. या नियमाला अपवाद आहेत. मागचे दिवे बहुधा कारखान्याचेच असतात, कारण कोचबिल्डरनं दिव्यांचे साचे कशाला बनवावेत? उलट पुढच्या दाराचा खालचा भाग अनेकदा कारखान्याचा आणि वरची काचेची चौकट उंच छपराला जुळवून वाढवलेली असते. सेडानचं दार उचलून आणलं आणि काच छपरापर्यंत पोचलीच नाही, असं होतं ते याच कारणानं.

यार्डात उभी असलेली गाडी नक्की कुणी बांधली, हे कसं ओळखायचं?

कोचबिल्डरची पट्टी शोधा. ती बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली असते. पट्टी नसेल तर दाराच्या उंबऱ्यावरची क्रोम पाटी बघा, तिच्यावर नाव कोरलेलं असू शकतं. सांगाडा खरोखर कमर्शियल चासीचा आहे की कुणी सेडान कापून लांब केलीय, हे चासी नंबरवरून कळतं. १९५९ च्या कॅडिलॅकमध्ये वर्षाच्या आकड्यांनंतर ‘झेड’ अक्षर आलं की तो कमर्शियल चासी. १९७० च्या दशकातल्या नंबरांतही ते ‘झेड’ सापडतं.

पट्टीचा फोटो काढा, पट्टी काढू नका. चासी नंबरची पट्टी उखडणं हा अमेरिकेत फेडरल गुन्हा आहे आणि यार्डवाला तुम्हाला पुन्हा फाटकातून आत घेणार नाही, ते वेगळंच.

यार्डवाल्याच्या कॉम्प्युटरवर शोधलं तर सापडेल का?

इंजिनचा भाग असेल तर सापडेल. कुठल्या गाडीचा भाग कुठल्या गाडीला चालतो, हे यार्डवाले हॉलंडरच्या यादीवरून बघतात. ती यादी कारखान्यात बनलेल्या भागांची. कोचबिल्डरनं हातानं वाकवलेला पत्रा तिच्यात कुठून येणार? म्हणून काउंटरवर ‘मिलर-मीटिअरच्या मागच्या दाराची कडी आहे का’ असं विचारलं की ‘नाही’ हेच उत्तर येतं. त्यापेक्षा ‘जुनी शववाहिका, अँब्युलन्स किंवा फुलांची गाडी कुठे पडलीय का’ असं विचारा. (फुलांची गाडी म्हणजे अंत्ययात्रेत फुलं वाहून नेणारी.) मागच्या कुंपणाजवळ, झाडाझुडपात, काय काय उभं आहे हे काउंटरवरच्या पोराला ठाऊक नसतं. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याला विचारा.

अँब्युलन्स आणि फुलांच्या गाडीचा इथे काय संबंध?

फार जवळचा. १९७० च्या दशकापर्यंत अमेरिकेतल्या अनेक गावांत अंत्यसंस्कार करणारी संस्थाच अँब्युलन्सही चालवायची. त्यासाठी ‘कॉम्बिनेशन’ गाडी मिळायची. मागच्या तळातल्या फळ्या उलट्या केल्या की रोलर खाली जाऊन सपाट जमीन तयार, वर स्ट्रेचर. पुन्हा उलटल्या की रोलर वर आणि शवपेटी आत. १९७४ मध्ये अँब्युलन्सचे फेडरल निकष आले, त्यांत या लांबट, बुटक्या गाड्या बसेनात, आणि अँब्युलन्सचं काम व्हॅन आणि ट्रकच्या सांगाड्यांकडे गेलं. १९७९ मध्ये मूळची मिलर-मीटिअरही बंद पडली.

भाग शोधणाऱ्याला यातून एवढंच घ्यायचं, की त्याच कोचबिल्डरच्या त्याच वर्षाच्या अँब्युलन्सचं मागचं दार, बिजागऱ्या, कड्या आणि बरेचदा बाजूचा खालचा पत्राही शववाहिकेला लागू पडतो. छप्पर मात्र तपासून घ्या, अँब्युलन्सचं अनेकदा उंच असतं. फुलांच्या गाडीचा मागचा भाग ट्रकसारखा उघडा असतो, तरी पुढची बैठक आणि दारं त्याच कोचबिल्डरच्या हातची. कॅडिलॅकची सेव्हंटी-फाइव्ह लिमोझिनही दुर्लक्षू नका, पुढच्या बैठकीच्या बारीकसारीक वस्तू तिच्यात चांगल्या स्थितीत सापडतात.

कुठल्या प्रकारच्या यार्डात जावं?

स्वतः पाना घेऊन भाग काढायची मुभा देणारी मोठी साखळी यार्डं या कामाची नाहीत. तिथे गाडी येते, काही आठवडे उभी राहते आणि दाबयंत्रात जाते. इतकी जुनी शववाहिका तिथे दिसलीच तर नशीब समजा आणि त्याच दिवशी काम उरका.

खरा माल गावाबाहेरच्या जुन्या, एका घराण्याच्या यार्डांत असतो, जिथे गाड्या एकदा ठेवल्या त्या ठेवल्याच. मालक तिरसट असू शकतो, भाव मूड बघून सांगेल, पण त्याच्याकडे वस्तू असते. हवामानाचाही हिशेब धरा. ॲरिझोनासारख्या कोरड्या भागात पत्रा ठणठणीत राहतो, पण उन्हानं रबर, प्लॅस्टिक, पडदे आणि डॅशबोर्ड करपून जातात. उत्तरेकडे बर्फावर मीठ टाकतात, तिथे खालचा पत्रा चाळणी झालेला असतो आणि आतली बैठक कधीकधी नव्यासारखी. पत्रा हवाय की आतलं सामान, त्यावर दिशा ठरवा.

लँडाऊ बार काढायची नीट पद्धत कोणती?

मागच्या बाजूंवर ‘एस’ आकाराची चमकती पट्टी असते तो लँडाऊ बार. घोडागाडीच्या घडी होणाऱ्या छपराचा तो वारसा. आता नुसता शोभेचा, पण तो नसला की गाडी बोडकी दिसते. म्हणूनच यार्डात सगळ्यात आधी तोच गायब होतो, आणि सगळ्यात जास्त मोडतोही तोच.

बरेच बार जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम असतात, वर क्रोम. मागून निघालेल्या खुंट्या पत्र्यातून आरपार जातात आणि आतल्या बाजूला नटांनी आवळलेल्या असतात. बाहेरून पहार घालून उचकटलं तर खुंटी मुळासकट निघते आणि बारला भोक पडतं. म्हणून सुरुवात आतून. पडदा बाजूला घ्या, आतलं आवरण सोडवा, नट दिसले की त्यांवर गंज सोडवणारं तेल सोडा आणि दुसऱ्या भागाच्या मागे लागा. परत आलात की लहान सॉकेट लावून नट आधी किंचित आवळायच्या दिशेनं हलवा, मग सोडवायच्या. ‘कट्’ असा कोरडा आवाज आला तर नट सुटला. रबरासारखं मऊ फिरू लागलं तर थांबा, खुंटी पिळतेय. अशा वेळी नटाला बारीक पात्यानं उभी चीर द्या आणि छिन्नीनं फोडा. नट गेला तरी चालेल, बार वाचला पाहिजे.

दोन्ही बाजूंचे बार एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात, डावा उजवीकडे चालत नाही. मिळाले तर जोडीनं घ्या. आकार कोचबिल्डरगणिक बदलतो. सुपीरियरच्या भोकांवर मिलर-मीटिअरचा बार बसवायला गेलात तर नवी भोकं पाडावी लागतील आणि जुनी बुजवावी लागतील.

क्रोम उडालेला बार घ्यावा की सोडावा?

चमक बघू नका, फोड बघा. जस्ताच्या ओतकामात क्रोमखाली गंज धरला की बारीक फोड येतात आणि खाली खड्डे पडतात. त्यावर पुन्हा क्रोम चढवायचं म्हणजे जुना थर उतरवा, खड्डे कोरून साफ करा, तांबं चढवा, खड्डे भरा, घासा, पुन्हा तांबं, मग निकेल, मग क्रोम. खर्चिक आणि वेळखाऊ. निस्तेज पण सपाट बार चमकदार पण फोड आलेल्या बारपेक्षा केव्हाही सरस.

स्टेनलेसच्या पट्ट्यांचं उलट. त्या आतून पोकळ आणि वजनाला हलक्या असतात. पोचे आले असतील तरी कसबी कारागीर आतून ठोकून सरळ करतो आणि पॉलिश करतो. वाकलेली स्टेनलेस पट्टी डोळे मिटून घ्या, तुटलेलं ओतकाम मात्र दहादा विचार करून.

काचा मिळतात का?

विंडशील्डसाठी आधी माप घ्या. शववाहिकेचं विंडशील्ड अनेक वर्षांत सेडानपेक्षा उंच आहे आणि वर्ष सारखं असलं म्हणून काच सारखी असेलच असं नाही.

बाजूच्या लांब काचा जर सपाट असतील तर त्यांच्यासाठी वणवण करू नका. जाड पुठ्ठ्याचा साचा करून काचवाल्याकडून लॅमिनेटेड काच कापून घेता येते. टेंपर्ड काच मात्र एकदा बनली की कापता येत नाही, कापायला गेलात तर चुरा होतो. म्हणून मोठ्या शववाहिकेची टेंपर्ड काच आणून आपल्या मापाची कापू, हा बेत सोडून द्या. वळणदार काच दिसली तर भाव करत बसू नका, घ्या.

काच काढताना तिच्याभोवतीचं रबर बीडिंग कडक झालं असेल तर बीडिंग कापून काच वाचवा. कापलेल्या बीडिंगचा हातभर तुकडा खिशात ठेवा. त्याच आडव्या छेदाचं नवं रबर बनवणारे आहेत, पण त्यांना नमुना लागतो.

इंजिनचे भाग तर सहज मिळत असतील?

हो, इथे बाजू आपली आहे. कॅडिलॅकची इंजिनं सेडानमध्येही तीच होती. १९६८ ते ७४ ला ४७२ घन इंचाचं, १९७५-७६ ला ५०० चं. १९६४ ते ६७ ला ४२९ चं. फसगत होते ती एकाच ठिकाणी. १९५९ ते ६३ पर्यंत सगळ्यांना ‘३९०’च म्हणतात, पण १९६३ चं ३९० हे नव्यानं आखलेलं इंजिन आहे. त्याचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग, पुढे आला, आधीच्यांचा मागे. १९६२ च्या गाडीसाठी १९६३ चं सामान उचललं तर परत न्यावं लागेल.

मग खाली चासीचं सामान?

इथे सावध. १९७४ ते ७६ च्या कॅडिलॅक डेव्हिल सेडानचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, १३० इंच, त्याच काळातल्या कमर्शियल चासीचा १५७.५. हा जो साडेसत्तावीस इंचांचा फरक आहे, तो प्रोपेलर शाफ्ट, सायलेन्सरचा पाइप, ब्रेकची नळी आणि हँडब्रेकची केबल या सगळ्यांत उतरतो. सेडानचं यातलं काहीच पुरत नाही. नळ्या आणि पाइप नवे वाकवून घेता येतात. शाफ्ट मात्र गाडीखाली सापडला तर मधल्या बेअरिंगसह, त्याच्या कंसासह आणि बोल्टांसह काढा.

स्प्रिंगा आणि चाकं शववाहिकेत जास्त वजनासाठी असतात. भोकं जुळतात म्हणून सेडानची रिम लावू नका. रिम आणि टायर दोन्ही त्या वजनाला झेपतात का, हे आधी बघा.

१९७७ मध्ये कॅडिलॅकनं गाड्या आखूड केल्या, कमर्शियल चासीही १४४ इंचांच्या आसपास आला. १९७६ आणि १९७७ या दोन शेजारच्या वर्षांत बॉडीचं जवळपास काहीच जुळत नाही.

शवपेटीच्या टेबलाचे भाग कुठून आणायचे?

रोलर, जमिनीतल्या भोकांच्या पट्ट्या आणि त्यांत बसणाऱ्या खुंट्या, ज्या पेटीला दोन्ही टोकांकडून धरून ठेवतात, हे सगळं यार्डात गाडीच्या आतच राहिलेलं असतं, कारण दुसऱ्या कुणालाच त्याचा उपयोग नसतो. खुंट्या सुट्या असल्यामुळे हरवतात. मागच्या कप्प्यात आणि सीटखाली हात घालून बघा. हातमोजे घालूनच, कारण आत गांधीलमाशा असतात.

तीन बाजूंना सरकणारं टेबल असेल तर ते तुकड्यांनी काढू नका. रूळ, गाडा, अडकवण्या, मोटर असेल तर मोटर आणि तिच्या वायरी, सगळं एकत्र काढा, आणि सुटं करण्याआधी प्रत्येक सांध्याचा फोटो घ्या. हे भाग जागेवर घासून बसवलेले असतात. मोटर तपासायला बॅटरी सोबत न्या, पण आधी गाडी किती व्होल्टची ते पाहा. कॅडिलॅक १९५३ मध्ये १२ व्होल्टवर गेली. त्याआधीची ६ व्होल्टची. पॅकार्डच्या सांगाड्यावर इलिनॉयमधल्या फ्रीपोर्टच्या हेनीनं बांधलेल्या गाड्या १९५४ पर्यंत ६ व्होल्टच्याच. ६ व्होल्टच्या मोटरला १२ व्होल्ट दिले तर ती एकदाच छान फिरेल.

घडीचा चाकांचा गाडा, ज्यावरून चर्चमध्ये पेटी नेतात, तो यार्डात क्वचित मिळतो. जुन्या अंत्यसंस्कार संस्थांच्या गॅरेजमध्ये विचारा. पडदे, खिडकीत लावायच्या नावाच्या पाट्या, झेंड्याच्या दांड्या तिथेच पडून असतात आणि विनम्रपणे विचारलं तर लोक काढून देतात.

डिमॉलिशन डर्बीवाल्यांबद्दल इतका राग का?

राग असला तरी त्यांच्याशी मैत्री ठेवा. गाड्या एकमेकांवर आदळायच्या त्या खेळात किती शववाहिका संपल्या याची गणती नाही. त्यांचा सांगाडा इतका दणकट ठरला, की अनेक ठिकाणच्या नियमांत शववाहिका, अँब्युलन्स आणि क्रायस्लरची इंपीरियल या गाड्यांना थेट बंदी घातली गेली.

पण खेळात उतरवण्याआधी गाडीच्या सगळ्या काचा, क्रोम पट्ट्या, सीट आणि आतलं सामान काढावं लागतं. तेच तर आपल्याला हवं असतं! डर्बीसाठी गाडी तयार करणाऱ्याच्या शेडमागे काचा भिंतीला टेकवून ठेवलेल्या असतात आणि त्या न्यायला कुणी आलं तर त्याची अडगळ कमी होते. मोसम सुरू होण्याआधी जा.

मागचं दार अख्खं घ्यावं की फक्त कडी?

अख्खं. बिजागऱ्या, कडी, चौकटीवरचा खटका आणि शक्य असेल तर चौकटीचा तुकडाही. दार जड असतं, वर्षानुवर्षं एका बाजूच्या बिजागऱ्यांवर लोंबतं, खिळे झिजतात आणि दार खाली बसतं. कोचबिल्डरनं दार त्या एका चौकटीला घासून बसवलेलं असल्यामुळे त्याच मॉडेलच्या दोन गाड्यांत पाव इंचाचा फरक सहज निघतो. सोबत मूळ बिजागऱ्या असल्या की जुळवायला वाव राहतो. काढताना दोन माणसं लागतात, एक बोल्ट सोडवायला आणि एक दार पेलायला.

पत्रा कापून आणायचा असेल तर?

व्हिनाइलनं मढवलेल्या छपराच्या कडा दाबून बघा. कुरकुर आवाज आला तर खाली पत्रा उरलेला नाही. मागच्या चाकांमागचा खालचा भाग आणि मागच्या दाराचा उंबरठा, हे दोन्ही आतून बघा, बाहेरून रंग फसवतो. जमिनीला प्लायवूड असेल तर ते कुजलेलंच समजा.

गरजेपेक्षा हातभर जास्त कापा. आणि सांध्यांवर ग्राइंडर चालवण्याआधी लक्षात ठेवा, त्या काळी सांधे शिशानं भरून घासत. ती धूळ फुफ्फुसात जाऊ नये म्हणून नुसतं फडकं पुरत नाही, योग्य मास्क लागतो. ब्रेकच्या ड्रममधल्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती हवेनं फुंकू नका.

अशा गाडीत शिरताना मन कचरतं. काही धोका असतो का?

शववाहिकेतून बहुधा बंद शवपेट्या गेल्या. आत सापडतं ते उंदरांचं घरटं, वाळलेली फुलं आणि क्वचित एखादं हरवलेलं कर्णफूल. जुन्या अँब्युलन्समध्ये मात्र काळजी घ्या, गादी आणि कप्पे उघड्या हातानं चाचपू नका.

एकाच गाडीवर सगळं सापडलं तर पूर्ण गाडीच विकत घ्यावी का?

कागदपत्रं असतील आणि ठेवायला जागा असेल तर हिशेब करून बघा. वजनाच्या भावानं गाडी जाणार असेल तर सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा ती बहुधा स्वस्त पडते. भंगार लोखंडाचा भाव चढला की यार्डवाले जुनी रांग दाबयंत्रात घालायला काढतात, अशा वेळी मालकाला आधीच सांगून ठेवलेलं असलं तर तो फोन करतो. जागा नसेल तर काढायची क्रमवारी ठरवा: आधी लँडाऊ बार आणि वळणदार काचा, मग टेबल, मग मागचं दार, सगळ्यात शेवटी इंजिनचं सामान, कारण ते दुसरीकडे मिळेल. काढलेल्या प्रत्येक भागाला त्याच गाडीचे स्क्रू पिशवीत घालून बांधा आणि पिशवीवर बाजू लिहा. कोचबिल्डरनं वापरलेले स्क्रू कधीकधी दोन बाजूंना दोन लांबीचे असतात आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला की तो बाहेरच्या पत्र्याला आतून टोचतो.